चिमूट

दिवसभर मी चिमट्यानं हिरे वेचते.
बीकेसीत, सातव्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी,
पांढऱ्या कागदावर, चाळणीतून गळलेले
सेंट-दोन सेंटचे दाणे:
हा गोरा, हा पिवळट, ह्याच्या पोटात काळा ठिपका.
खडा पडला तर सगळे जिथल्या तिथे थिजतात,
कुणी पाऊल उचलत नाही.
सापडेपर्यंत चहासुद्धा येत नाही.

आणि भांडुपला, साडेसात वाजता,
माझ्या लेकीच्या खुर्चीखाली
अर्धा भोपळा पडलेला असतो.

शर्वाणी आठ महिन्यांची.
नाचणीचं सत्त्व, गुरगुट्या भात,
चमचा आला की आ करायचा, एवढंच तिला काम होतं.
मग एका रविवारी तिनं चमचा धरला
आणि सोडलाच नाही.
"आता हातात द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"बोटाएवढ्या लांब फोडी,
तुमच्या दोन बोटांत चिरडतील इतक्या मऊ."
"दात कुठायत?" सासूबाई. "चावणार कशानं?"
हिरड्यांनी. माझ्या बोटाला विचारा.

भोपळा वाफवला, गाजर वाफवलं, दुधी तर विरघळलाच.
वेलची केळं अर्धं सोललं,
खालची साल मुठीसाठी ठेवली.
तिनं आधी साल खाल्ली.

तिसऱ्या दिवशी केळ्याचा घास मोठा गेला.
चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर,
आणि तो आवाज, तळातून ओढून काढल्यासारखा.
सासूबाई उठल्या. निनाद उठला.
मी म्हटलं, थांबा.
आवाज येतोय तोवर हात लावायचा नाही,
गप्प झाली तरच धावायचं,
डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं.
मी माझे हात माझ्याच मांड्यांखाली दाबून बसले.
एक. दोन. तीन.
चौथ्याला तिनं तो गोळा बाहेर ढकलला,
नीट बघितला,
आणि परत तोंडात घातला.

सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच भोपळा चिरला,
माझ्यापेक्षा बारीक.

चिमूट यायला अजून वेळ होता.
वाटाणा मी दाबून चपटा करून ठेवायचे.
ती पंजानं ओढायची, सगळी बोटं एकदम,
अंगठा बाजूला उभा,
लग्नात ओळख नसलेल्या पाहुण्यासारखा.
मला राहवत नसे. टोकाला टोक लाव गं, अशी!
मलाही चार महिने लागले होते.
रसिकभाई मनगटावर टिचकी मारायचे:
"दाबशील तर उडेल, ढिला धरशील तर पडेल."
हे तिला कुणी कसं सांगायचं?

कुणी सांगितलं नाही.
गुरुवारी आमटीला फोडणी देताना
मोहरी तडतडून एक दाणा तिच्या ताटलीच्या कडेला आला.
वाटाणा नाही, इडलीचा तुकडा नाही,
तिनं तो दाणा पाहिला.
हात खाली आला, बाकीची बोटं मागे सरली,
तर्जनी आणि अंगठा, मध्ये मोहरी.
उजेडाकडे धरली.
अर्धा सेंट, माझ्या मनात आलं.
काळी. गोल. निर्दोष.
मग तिनं ती गिळली,
आणि आम्ही तिघंही
काय बोलावं न सुचून एकमेकांकडे बघत राहिलो.

शुक्रवारी सुटताना फाटकावर झडती.
पालवेबाई रोजच्यासारख्या खिसे, शिवणी, केसांचा आंबाडा.
कुडत्याच्या खिशात त्यांचं बोट थांबलं.
बाहेर काढलं: हिरवं, चपटं, वाळलेलं.
"हे काय?"
वाटाणा, मी म्हटलं. लेक खायला शिकतेय.
त्यांनी तो दिव्याखाली उलटा-सुलटा करून बघितला,
नियम म्हणजे नियम,
आणि माझ्या तळहातावर ठेवला.
"द्राक्ष दिलंस तर उभं चिरून दे, चार फोडी,"
त्या म्हणाल्या, "शेंगदाणा तर नकोच,"
आणि पुढचीच्या खिशात हात घातला.